नसा तोडलेलं हृदय आणि माझ्या नोट्समधली एक चुकीची ओळ



गेल्या सत्रात मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या चार तासिका घेतल्या. गाईड परिषदेला गेले की वर्ग आपल्या गळ्यात पडतो, हे पीएचडी करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. विषय माझ्या आवडीचा होता, ॲसिटिलकोलिनएस्टरेज. माझा अख्खा प्रबंध या एका एन्झाइमवर आहे. त्यामुळे नोट्स मी झोकात काढल्या, आणि ‘क्लिनिकल महत्त्व’ या मथळ्याखाली एक ओळ ठोकून दिली: ‘प्रत्यारोपित हृदयाच्या नसा तोडलेल्या असल्यामुळे निओस्टिग्मिनचा त्याच्या ठोक्यांवर परिणाम होत नाही.’

एका मुलीनं हात वर केला. ‘ताई, लोवीच्या प्रयोगातल्या दुसऱ्या हृदयाला तरी कुठे नस होती? ते मंदावलंच ना?’

मी म्हणाले, ‘ते जरा वेगळं आहे.’ तास संपला आणि मी सुटले. पण ते नेमकं कसं वेगळं आहे, हे मला सांगता आलं नसतं. त्या रात्री मी मूळ शोधनिबंध वाचायला बसले आणि पुढचे तीन आठवडे तेच वाचत राहिले. त्या वाचनाचा हिशेब म्हणजे हा लेख. यात मला एका औषधाची माहिती द्यायची नाही, तर एक तर्क तपासायचा आहे. तो तर्क पुस्तकांतून नोट्समध्ये, नोट्समधून परीक्षेत आणि परीक्षेतून थेट ऑपरेशन थिएटरमध्ये जातो.

(नेहमीची सूचना: मी डॉक्टर नाही. मी एन्झाइमवाली आहे. हा वैद्यकीय सल्ला नाही.)

आधी पार्श्वभूमी

मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला नुसतं झोपवून भागत नाही, स्नायूही सैल करावे लागतात. त्यासाठी रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम अशी औषधं देतात. स्नायूवर ॲसिटिलकोलिन जिथे बसतं, ती जागा ही औषधं अडवून धरतात. शस्त्रक्रिया संपली की हा अडथळा दूर करावा लागतो, नाहीतर रुग्णाला स्वतःहून नीट श्वास घेता येत नाही. या कामाच्या औषधांना भूलतज्ज्ञ ‘रिव्हर्सल’ म्हणतात.

जुनं आणि स्वस्त रिव्हर्सल म्हणजे निओस्टिग्मिन. ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या एन्झाइमला ते गप्प बसवतं. मग ॲसिटिलकोलिन साठतं आणि रोक्युरोनियमला रेटून आपली जागा परत मिळवतं. अडचण अशी की ॲसिटिलकोलिन फक्त स्नायूंवर काम करत नाही. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस याच रसायनाच्या जोरावर ठोके मंद करते. म्हणजे स्नायू जागे करायला दिलेलं औषध हृदयाला झोपवू शकतं. म्हणून निओस्टिग्मिनसोबत ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट देतात. ही दोन्ही हृदयावरची ॲसिटिलकोलिनची जागा झाकून ठेवतात. आपल्याकडे तर २.५ मिग्रॅ निओस्टिग्मिन आणि ०.५ मिग्रॅ ग्लायकोपायरोलेट एकत्र केलेली अँप्युल तयार मिळते.

आता प्रत्यारोपण. दात्याचं हृदय काढताना त्याच्या नसा कापल्या जातातच. नव्या शरीरात रक्तवाहिन्या शिवतात, नसा कुणी शिवत नाही. त्यामुळे व्हेगसचा लगाम सुटतो आणि हे हृदय विश्रांतीतही साधारण मिनिटाला ९० ते ११० ठोक्यांच्या स्वतःच्या चालीनं चालतं. जिना चढताना त्याचा वेग उशिरा वाढतो, कारण त्याला रक्तातून येणाऱ्या ॲड्रिनलिनची वाट पाहावी लागते.

सुरुवातीच्या काळात रिव्हर्सलचा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण तो पडण्याइतके रुग्ण जगतच नव्हते. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईत, केईएममध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूनं प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आल्यावर चित्र पालटलं. प्रत्यारोपणाचे रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले, आणि इतरांसारखेच हर्नियासाठी, पित्ताशयासाठी, मोडलेल्या हाडासाठी पुन्हा भुलेच्या टेबलावर येऊ लागले. तेव्हा प्रश्न उभा राहिला: यांना निओस्टिग्मिन दिलं तर काय होईल?

पहिला तर्क: नस नाही, म्हणून परिणाम नाही

माझ्या नोट्समधलं उत्तर हेच होतं. हा तर्क अगदीच भाबडा आहे असं समजू नका. आधी त्याची बाजू नीट मांडते.

निओस्टिग्मिन ॲसिटिलकोलिन तयार करत नाही, फक्त असलेलं टिकवतं. मोरीच्या जाळीत बोळा कोंबण्यासारखंच आहे हे. नळ चालू असेल तर पाणी तुंबेल, पण नळच बंद असेल तर बोळा कोंबून काय तुंबणार? व्हेगस कापली म्हणजे नळ बंद. मग हृदयात ॲसिटिलकोलिन येणार कुठून?

लोवीच्या प्रयोगाशी आता ताडून पाहा. १९२१ साली ओटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याला व्हेगस होती, दुसऱ्याला नव्हती. पहिल्याची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. नस रसायनातून बोलते, हे यातून सिद्ध झालं, आणि १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून मिळालं. आपल्या मुद्द्यासाठी त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची आहे. ॲसिटिलकोलिन ओळखणारी जागा हृदयाच्या पेशीवर असते. नस कापली तरी ती तिथेच राहते.

म्हणजे माझी विद्यार्थिनी अर्धी बरोबर होती. नस नसलेलं हृदय ॲसिटिलकोलिनला ‘ऐकतं’. पण लोवींनी दुसऱ्या हृदयाला ॲसिटिलकोलिन बाहेरून आणून दिलं होतं. निओस्टिग्मिन ते आणून देत नाही. म्हणून खरा प्रश्न उरतो तो नळाचा.

आणि नेमकी इथेच ‘नसा तोडलेलं’ या शब्दानं आपली फसगत केली आहे. व्हेगस ही मेंदूपासून हृदयाच्या स्नायूपर्यंत जाणारी एकसलग तार नाही. मेंदूकडून आलेला धागा हृदयाच्या पृष्ठभागावर, चरबीच्या थरात असलेल्या चेतापेशींच्या छोट्या गुच्छांपाशी संपतो. तिथून दुसरी पेशी सुरू होते आणि ॲसिटिलकोलिन सायनस नोडवर सोडण्याचं शेवटचं काम ही दुसरी पेशी करते. शल्यविशारदानं कापला तो पहिला धागा. दुसऱ्या पेशी दात्याच्या हृदयाबरोबर नव्या शरीरात आल्या. पालिकेची लाईन तोडली, पण गच्चीवरची टाकी इमारतीसोबतच आली. टाकीचा नळ थेंब थेंब गळत असेल आणि मोरीत बोळा बसला, तर पाणी साठू शकतं.

थोडक्यात, प्रत्यारोपित हृदय ‘बिननसेचं’ नसतं, त्याचा मेंदूशी असलेला संपर्क तुटलेला असतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझ्या नोट्सनी त्या एक केल्या होत्या.

मॉन्ट्रियलचं मोजमाप

तर्काला पर्याय मोजमाप. ते मॉन्ट्रियलमधल्या बॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. १९९६ चा त्यांचा निबंध ‘कॅनेडियन जर्नल ऑफ अनेस्थेशिया’मध्ये आहे आणि त्याचं नावच सरळ सांगतं की हृदय प्रत्यारोपणाच्या रुग्णांत निओस्टिग्मिन ठोके कमी करतं. त्यांनी तीन गट घेतले: प्रत्यारोपण न झालेले रुग्ण, नुकतंच झालेले आणि बराच काळ लोटलेले. निओस्टिग्मिन थोडं थोडं वाढवत दिलं आणि दर टप्प्यावर ठोके मोजले. तिन्ही गटांत ठोके कमी झाले. प्रत्यारोपण न झालेल्यांत सर्वांत जास्त, नुकतंच झालेल्यांत सर्वांत कमी.

या अभ्यासाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे मात्रा वाढवत नेणं. एन्झाइमवर काम करणाऱ्याला एका मात्रेचा एक आकडा पुरत नाही. मात्रा वाढली तसा परिणाम वाढला, तरच तो औषधाचा म्हणावा. शिवाय नुकत्याच प्रत्यारोपण झालेल्यांतही परिणाम दिसला. तिथे मेंदूकडची नस परत उगवायला वेळच मिळालेला नाही. ‘परिणाम होत नाही’ हे वाक्य तिथेच पडतं.

गट लहान होते, हे मात्र म्हणायला हवं. आणि बराच काळ लोटलेल्यांचा गट एकजिनसी नसतो. कुणाची नस परत उगवू लागलेली असू शकते, कुणाची नाही. अशा गटाची सरासरी काढली की ती कुणाचीच नसते. त्याच वर्षी याच मंडळींनी एकाच रुग्णातल्या अलीकडच्या आणि नंतरच्या प्रतिसादाची तुलना करणारा छोटा अहवालही छापला. रचना म्हणून हे जास्त चोख, कारण रुग्ण स्वतःशीच ताडला जातो. पण एक रुग्ण तो एकच रुग्ण. १९९७ मध्ये त्यांनी एड्रोफोनियम हे दुसरं औषध घेऊन रुग्णांत आणि मांजराच्या नसा तोडलेल्या हृदयात मोजमाप केलं. एकाच एन्झाइमला अडवणारी दोन वेगळी औषधं शेजारी ठेवायची, म्हणजे एन्झाइममुळे किती झालं आणि औषध थेट पेशीवर बसल्यानं किती झालं, हे सुटं करायची वाट मिळते. माझ्या मते या सगळ्या साहित्यातलं हे सर्वांत शहाणं पाऊल.

दुसरा तर्क: परिणाम झाला, म्हणजे नस उगवली

२००१ साली त्याच नियतकालिकात एक रुग्णवृत्तांत आला. प्रत्यारोपणाला ११ वर्षं झालेला ६७ वर्षांचा रुग्ण, फुफ्फुसाचा एक भाग काढण्याची शस्त्रक्रिया. शेवटी ४ मिग्रॅ निओस्टिग्मिन आणि ०.८ मिग्रॅ ग्लायकोपायरोलेट दिलं, आणि हृदय थांबलं. ठोक्यांची काही तक्रार त्याला आधी नव्हती, नंतरही आढळली नाही. प्रमाण बघा: ४ ला ०.८, म्हणजे आपल्या तयार अँप्युलमधलंच एकास पाच. उतारा द्यायला कुणी विसरलं नव्हतं.

हे वाचून मी थोडा वेळ मान खाली घालून बसले. माझी ती ओळ वाचून परीक्षा दिलेला एखादा मुलगा पुढे औषधनिर्मितीत गेला, एखादी मुलगी भूलतज्ज्ञांच्या संशोधनगटात गेली, तर ती ओळ घेऊनच जाणार.

पण इथे मला टीका करायची आहे ती वेगळ्या गोष्टीवर. असे वृत्तांत आल्यावर लिखाणात एक नवं वाक्य रूढ झालं: वर्षं गेली की व्हेगस परत उगवते, म्हणून निओस्टिग्मिन परत काम करू लागतं. ऐकायला छान. आणि नसा परत उगवतात हे खरंही आहे. ॲड्रिनलिनवाल्या नसांबद्दल त्याचे चांगले पुरावे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहेत. व्हेगसबद्दल पुरावे कमी, पण आहेत. १९९८ मध्ये बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी मानेवर हलकी ओढ देऊन तिथल्या दाबसंवेदी जागा चेतवल्या आणि प्रत्यारोपित हृदयाचे ठोके बदलतात का ते पाहिलं. प्रत्यारोपणाची शिवण कोणत्या पद्धतीची आहे यावरही उत्तर अवलंबून होतं. ही चाचणी खरोखर मेंदू ते हृदय या वाटेची आहे. मानेत संदेश द्यायचा आणि तो हृदयापर्यंत पोचतो का ते बघायचं.

निओस्टिग्मिन ही तशी चाचणी नाही. ते हृदयातल्याच गुच्छांपाशी, हृदयातल्याच एन्झाइमवर काम करतं. ठोके कमी झाले म्हणून मेंदूकडची वाट जोडली गेली, असं म्हणता येत नाही. टाकीतल्या पाण्यावरून पालिकेची लाईन परत जोडली की नाही हे ओळखता येत नाही, तसंच हे.

गंमत बघा. पहिलं वाक्य म्हणतं, ‘नस नाही, म्हणून परिणाम नाही.’ दुसरं म्हणतं, ‘परिणाम आहे, म्हणजे नस आहे.’ दोन्ही परस्परविरोधी वाटतात, पण दोघांच्या पोटात एकच गृहीतक आहे: औषध काम करणार ते मेंदूच्या नसेमार्फतच. पहिलं वाक्य चुकलं तेव्हा हे गृहीतक टाकून द्यायला हवं होतं. आपण वाक्य उलटं केलं आणि गृहीतक तसंच ठेवलं.

२००७ मध्ये ‘अनेस्थेसियॉलॉजी’ या नियतकालिकात आलेला एक वृत्तांत इथे आठवतो. प्रत्यारोपण झालेल्या एका तान्ह्या बाळाचं हृदय रिव्हर्सलनंतर थांबलं. तान्ह्या वयात प्रत्यारोपणाला फार वर्षं उलटलेली असूच शकत नाहीत. ‘वर्षं गेली की नस उगवते’ हे स्पष्टीकरण तिथे कसं लावायचं? दुसरे उमेदवार समोर आहेत. प्रत्यारोपित हृदयाचा सायनस नोड शस्त्रक्रियेत दुखावलेला असू शकतो. पुढे प्रत्यारोपित हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यानं नोडचा रक्तपुरवठा घटू शकतो. असा आधीच थकलेला नोड थोड्याशा ॲसिटिलकोलिननंही बसू शकतो. ही शक्यता तपासायची तर आधीचे ईसीजी, कॅथेटर तपासणीचे अहवाल, शिवणीची पद्धत, सगळं शेजारी मांडावं लागतं.

छेद आहे, पण अंश शून्य

‘ताई, दोन-चार वृत्तांतांवरून एवढं काय घाबरायचं?’ हा प्रश्नही रास्त आहे. रुग्णवृत्तांतात अंश असतो, छेद नसतो. किती जणांना काही झालं ते कळतं, किती जणांना काहीच झालं नाही ते कळत नाही. आणि काहीच न झाल्याचा निबंध छापणार तरी कोण?

ही उणीव भरायला जुन्या नोंदी चाळून केलेले अभ्यास आले. अमेरिकेतला २०१६ चा असा एक अभ्यास ‘ट्रान्सप्लांटेशन’मध्ये आहे आणि त्याचा सूर दिलासा देणारा आहे. असे अभ्यास हवेतच. पण ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, शून्य म्हणजे शून्य धोका नव्हे. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. १०० जणांत एकदाही घटना घडली नाही, तरी खरा धोका ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो, असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. ३०० जणांत शून्य असेल तर १ टक्क्यापर्यंत. तीनला रुग्णसंख्येनं भागायचं, बस्स. हृदय थांबणं ही घटना शंभरात एकदा होत असेल तर भूलतज्ज्ञाच्या दृष्टीनं ती प्रचंड आहे, आणि शंभर रुग्णांचा अभ्यास ती सहज चुकवू शकतो.

दुसरी, कोणाला निओस्टिग्मिन दिलं गेलं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नसतं. ज्या भूलतज्ज्ञानं तो २००१ चा वृत्तांत वाचला आहे, तो ज्या रुग्णाबद्दल शंका आहे त्याला ते देणारच नाही. किंवा सिसॲट्राक्युरियमसारखं शरीरात आपोआप मोडणारं औषध वापरून परिणाम पुरेसा ओसरण्याची वाट पाहील. मग नोंदींत उरतात ते मुळातच सुदृढ रुग्ण. हे कुणाचं पाप नाही, उलट चांगल्या डॉक्टरचं लक्षण आहे. पण निष्कर्ष मात्र तेवढा गोड होतो.

‘ॲट्रोपिनचा उपयोग नाही’ हे तरी खरं का?

माझ्या नोट्समध्ये खालची ओळ अशी होती: ‘या रुग्णांत ॲट्रोपिन निष्प्रभ.’ ही अर्धवट ओळ जास्त धोक्याची आहे.

ॲट्रोपिन ठोके ‘वाढवत’ नाही. ॲसिटिलकोलिनची जागा झाकून लगाम काढतं. व्हेगसचा लगामच नसलेल्या हृदयात काढायला काही नाही, म्हणून एरवी ठोके वाढत नाहीत. इथपर्यंत ठीक. पण निओस्टिग्मिननं ॲसिटिलकोलिन साठवलं असेल, तर तिथे झाकायला काहीतरी आहे! त्या प्रसंगी ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट निष्प्रभ म्हणून गाळणं म्हणजे पहिल्या चुकीवर दुसरी चढवणं. उलट बाजूनं, ॲट्रोपिन निरुपद्रवी आहे असंही नाही. २००४ च्या एका अभ्यासात प्रत्यारोपणाच्या काही रुग्णांत ॲट्रोपिननंतर उलटाच परिणाम दिसला होता, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे संदेश जाणंच अडलं. म्हणून अशा रुग्णाच्या वेळी आयसोप्रिनालिन किंवा ॲड्रिनलिनसारखं थेट हृदयावर काम करणारं औषध आणि पेसिंगची सोय हाताशी ठेवतात.

‘निष्प्रभ’ हा शब्द औषधाचा गुण नाही. तो औषध आणि त्या वेळची स्थिती यांच्या जोडीचा गुण आहे. एन्झाइमच्या प्रयोगशाळेत आम्ही हे रोज बोलतो. सब्स्ट्रेटच नसेल तर इनहिबिटरची परीक्षा कशी घ्यायची? तरी नोट्स लिहिताना मी विसरले.

नवं औषध, जुना साचा

मग आलं सुगामाडेक्स. युरोपात २००८ मध्ये, अमेरिकेत २०१५ च्या डिसेंबरात त्याला परवानगी मिळाली. हे औषध एन्झाइमला हातच लावत नाही. साखरेच्या रेणूंचं कडं असतं, ते रोक्युरोनियमचा रेणू पोटात घेऊन बसतं. ॲसिटिलकोलिनशी संबंध नाही, मग हृदयाशीही नाही. प्रत्यारोपित हृदयासाठी अगदी आदर्श!

तर्क निओस्टिग्मिनच्या वेळेपेक्षा नक्कीच भक्कम आहे. हाती पर्याय असेल तर अनेक भूलतज्ज्ञ याच कारणानं ते निवडतात, आणि मला त्यात गैर दिसत नाही. पण साचा ओळखीचा वाटतो ना? ‘यंत्रणेत वाट दिसत नाही, म्हणून परिणाम नाही.’ प्रत्यक्षात सुगामाडेक्सच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकातच इशारा आहे की औषध दिल्यावर काही मिनिटांत ठोके फार मंदावल्याच्या, क्वचित हृदय थांबल्याच्या घटना दिसल्या आहेत. हे सर्वसाधारण रुग्णांबद्दल. २०१७ मध्ये प्रत्यारोपण झालेल्या एका मुलाचा वृत्तांत आला, ज्यात सुगामाडेक्सनंतर ठोके मंदावले. त्या लेखाच्या शीर्षकात लेखकांनी प्रश्नचिन्ह ठेवलं आहे: हे सुगामाडेक्समुळेच का? ते प्रश्नचिन्ह मला फार आवडलं. पुस्तकात जाताना ते गळून पडू नये, एवढीच इच्छा.

मग हवं काय?

माझ्या मते यापुढचा प्रत्येक वृत्तांत आणि अभ्यास पाच गोष्टींशिवाय छापू नये: प्रत्यारोपणाला किती काळ झाला, शिवण कोणत्या पद्धतीची, सायनस नोडची आधीची अवस्था, रिव्हर्सलच्या आधीपासून नंतरच्या दहा मिनिटांपर्यंतचा सलग ईसीजी, आणि औषधांची मात्रा व ती देण्यातलं अंतर. यात काहीही महागडं नाही. ईसीजी तसाही चालूच असतो, फक्त जपून ठेवायचा.

एक सुंदर संधी तर फुकट वाया जाते. जुन्या पद्धतीच्या शिवणीत रुग्णाच्या स्वतःच्या कर्णिकेचा मागचा भाग आणि त्यातला सायनस नोड तसाच ठेवतात. त्यामुळे अशा रुग्णाच्या ईसीजीत दोन वेगळ्या पी लहरी दिसू शकतात, एक त्याच्या जुन्या नोडची आणि एक दात्याच्या नोडची. जुन्या नोडची नस शाबूत, दात्याच्या नोडची कापलेली. एकाच छातीत, एकाच क्षणी, एकाच मात्रेवर तुलना! याहून चोख नियंत्रण-गट कुठल्या प्रयोगशाळेत मिळेल?

तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाचं हृदय प्रत्यारोपण झालेलं असेल, तर एक विनंती. पुढे दाताची असो की हर्नियाची, कुठल्याही भुलेच्या आधी भूलतज्ज्ञांना प्रत्यारोपणाची तारीख, शस्त्रक्रियेचा सारांश आणि आधीच्या भुलेचा कागद दाखवा. काय द्यायचं ते तेच ठरवतील. आपलं काम कागद समोर ठेवण्याचं.

आणि माझ्या नोट्स? त्या वर्गाला मी दुरुस्त प्रत पाठवली. जुनी ओळ खोडून न टाकता तिच्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: ‘प्रत्यारोपित हृदयाचा मेंदूशी संपर्क तुटलेला असतो, पण हृदयातल्या चेतापेशी आणि ॲसिटिलकोलिन ओळखणाऱ्या जागा शिल्लक असतात. निओस्टिग्मिननं ठोके मंदावू शकतात, क्वचित हृदय थांबू शकतं, सोबत ग्लायकोपायरोलेट दिलेलं असूनही. मंदावले म्हणून व्हेगस परत उगवली असं समजू नये.’

वर्गातल्या एकानं लगेच विचारलं, ‘ताई, परीक्षेत दोन मार्कांना एवढं लिहायचं?’

हो, लिहायचं. आणि वही मिटण्याआधी जिनं तो प्रश्न विचारला, तिला मी गाठून सांगितलं की ‘ते जरा वेगळं आहे’ हे माझं उत्तर नव्हतं, पळवाट होती. ती म्हणाली, ‘कळलं होतं, ताई.’

पुढच्या वेळी भेटू. एन्झाइमच घेऊन, पण दुसरं.